कच्चं मडकं, व्हाया पुसेगाव

माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर गेली चार वर्षं एकच फोटो आहे. उजाड डोंगराच्या कुशीत बसलेलं, दगडी घरांचं आणि दगडी गल्ल्यांचं एक गाव. नाव रिआल दे कातोर्से, मुक्काम पोस्ट मेक्सिको. कॉलेजात असताना कुणीतरी 'द मेक्सिकन' नावाचा २००१ सालचा सिनेमा दाखवला होता. ब्रॅड पिट, ज्युलिया रॉबर्ट्स वगैरे. सिनेमा यथातथाच. पण त्यातलं गाव मात्र डोक्यात जे बसलं ते बसलंच.

गावही तसंच भारी आहे हो. समुद्रसपाटीपासून जवळपास २,७०० मीटर उंच. एके काळी इथं चांदीच्या खाणी होत्या, पैसा होता, रुबाब होता. मग चांदीचे भाव पडले, खाणी बंद झाल्या आणि गाव रिकामं झालं. गावात शिरायचं तर डोंगराच्या पोटातून खोदलेला सव्वादोन किलोमीटरहून लांब बोगदा पार करायचा. १९०१ सालचा. रुंदी अशी की एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात. एवढं सगळं असून दरवर्षी ४ ऑक्टोबरच्या आसपास गाव माणसांनी फुलून जातं, कारण इथल्या चर्चमध्ये संत फ्रान्सिसची मूर्ती आहे आणि ती नवसाला पावते. लोक लाडानं तिला 'पांचितो' म्हणतात. नवस फेडायचीही एक तऱ्हा आहे. पत्र्याच्या छोट्याशा तुकड्यावर चित्र काढायचं. 'ट्रकखाली येता येता वाचलो', 'मुलाचं ऑपरेशन नीट झालं', खाली नाव, तारीख आणि थँक यू. चर्चच्या भिंतीवर असे पत्रेच पत्रे.

म्हणजे आपल्यासारखंच की, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं. फरक एवढाच, की मी पुणे ते मेक्सिको सिटीचं तिकीट बघितलं, मग माझं बँक बॅलन्स बघितलं, आणि लॅपटॉप बंद केला. फ्रीलान्सर माणसाचं वर्ल्ड टूर हे असंच असतं. बघायचं, बंद करायचं.

नेमका त्याच संध्याकाळी आजीचा फोन आला.

"कवा यायलीस?"

'हॅलो', 'कशी आहेस' हा प्रकार आमच्या आजीकडं नाही. थेट मुद्दा.

"येते गं. जरा कामं आवरू दे."

"सहा वरसं झाले, कामंच आवरायलीस. नवस राहिलाय तुझ्यापायी. देव काय उधारीचं दुकान हाय का?"

आता हे नवस प्रकरण तुम्हाला सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी माझी मास कम्युनिकेशनची डिग्री हातात पडली, तेव्हा आजीनं औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलला होता: पोरीला नोकरी लागू दे, तिला घेऊन येते अन् अभिषेक करते. नोकरी लागली. पण तेव्हा मला सुट्टी मिळत नव्हती. वीकेंडला शिफ्ट, दिवाळीला शिफ्ट, 'पुढच्या महिन्यात नक्की.' दीड वर्षानं ऑफिसात कॉस्ट कटिंगची लाट आली आणि त्या लाटेत मी बाहेर पडले. तेव्हापासून फ्रीलान्स. म्हणजे आजीच्या हिशेबात मामला फारच अवघड होऊन बसला. नोकरी होती तेव्हा मी आले नाही, आणि आता यायला मोकळी आहे तर नोकरी नाही!

त्यातच परवा एका कंपनीची ऑफर आली. कंटेंट एक्झिक्युटिव्ह. सोमवार ते शुक्रवार, पीएफ, मेडिक्लेम आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार. काम काय, तर पाण्याच्या फिल्टरवर आणि गाद्यांवर गोड गोड लिहायचं. उत्तर द्यायची मुदत सोमवारपर्यंत. तीन दिवस पुण्यात बसून नखं खाण्यापेक्षा म्हटलं, चला, पुसेगाव.

पुसेगाव म्हटलं की पुण्यातली माणसं ताबडतोब म्हणतात, "अरे वा, सेवागिरी महाराजांचं!" नाही हो. ते साताऱ्याचं. यात्रा, रथ, रथावर नोटांच्या माळा, ते सगळं त्या पुसेगावचं वैभव. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. हिंगोली जिल्हाच मुळी १ मे १९९९ चा, परभणीतून वेगळा झालेला. म्हणजे जिल्हा साधारण माझ्याच वयाचा आणि माझ्यासारखाच अजून सेटल व्हायच्या प्रयत्नात.

शुक्रवारी सकाळी रात्रभराच्या ट्रॅव्हल्समधून हिंगोलीला उतरले तेव्हा मानेचा पार पिळा झाला होता. चुलतभाऊ गाडी घेऊन आला होता. शहर सोडलं की दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि हळद. हळदीची ती रुंद, केळीसारखी पानं पावसानं धुऊन चकचकीत झालेली. आपण कॉफी शॉपमध्ये दोन-तीनशे रुपये देऊन 'टर्मरिक लाटे' पितो ना, त्यातल्या हळदीचं मोठं आगर हे आहे. हिंगोलीतल्या हळदीच्या मोठ्या बाजाराला संत नामदेवांचं नाव आहे, आणि शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. हे सगळं भावानं सांगितलं. शेवटी म्हणाला, "भाव मिळायला पाहिजे फक्त. मानांकन काय, भिंतीला लावता येतं."

आजी ओट्यावर बसली होती. वय ७९. मला बघून उठली नाही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं. आमची आजी आलेल्या माणसासाठी उठत नाही, असं कधी झालंच नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ती नुसती हसली.

"वाळलीस गं माय. जेवायलीस का नाही तिकडं?"

फोनवर तिचा आवाज अजून तसाच खणखणीत आहे, म्हणून मी धरून चालले होते की बाकी सगळंही तसंच असणार. फोनवर गुडघे दिसत नाहीत.

शनिवारी एकादशी होती. आषाढ वद्य. तुम्ही म्हणाल, आषाढी तर होऊन गेली! तर मंडळी, आमच्याकडं आषाढी संपली तरी वारी संपत नाही. पंढरपूरहून आलेला वारकरी पंधरा दिवसांनी, या एकादशीला, नर्सी नामदेवला येतो. हिला म्हणतात परतवारी. नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, जन्मसाल १२७०. कयाधू नदीच्या काठाला वसलेलं हे गाव त्या दिवशी नुसतं माणसांनी उसळत असतं. जिकडं बघावं तिकडं दिंड्या, टाळ, पताका, आणि चिखलात रुतलेल्या चपला शोधणारी माणसं.

आजी पूर्वी पुसेगावहून नर्सीला चालत जायची. भल्या पहाटे निघायचं आणि ऊन तापायच्या आत पोचायचं. यंदा ती गाडीत पुढच्या सीटवर बसली आणि वाटभर खिडकीतून चालणाऱ्या बाया बघत राहिली. त्यातल्या एकीनं हात केला. आजीनंही केला. मग पदर नीट करून म्हणाली, "तिचे पाय चांगले हायेत अजून."

नर्सीत मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे तिथले शीख भाविक. पगडी बांधलेले दोन काका रांगेत आमच्या पुढं होते, पंजाबहून नांदेडला आलेले आणि तिथून इकडं. त्यांच्यासाठी हे 'भगत नामदेव'. नामदेव पंजाबात गेले, घुमान या गावी वर्षानुवर्षं राहिले आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलं होतं, आठवतंय ना? एका शिंप्याच्या घरात जन्मलेला माणूस, तेराव्या-चौदाव्या शतकात, विमान नाही, ट्रॅव्हल्स नाही, आणि कयाधूच्या काठावरून थेट पंजाब. आणि आम्ही वीकेंडला लोणावळ्याला जायचं तर आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल घेतो.

रात्री भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन ओट्यावर बसलो होतो. लाइट गेली होती. आजीला मी ऑफरबद्दल सांगून टाकलं. पगाराचा आकडाही सांगितला. ती बराच वेळ गप्प. मग विचारलं, "काम काय करायचं?"

"पाण्याच्या फिल्टरबद्दल लिहायचं."

"आपल्या घरी हाय ना फिल्टर. त्याच्यावर काय लिहावं लागतंय?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजीकडं मात्र गोष्ट होती. कच्च्या मडक्याची.

ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. पण अंधारात, ओट्यावर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ऑफर लेटर उशाशी ठेवून ऐकली की ती वेगळीच वाटते. गोरोबाकाकांच्या घरी, तेरला, सगळे संत जमलेत. म्हणजे टॉपची टीम. ज्ञानदेव, निवृत्ती, सोपान, मुक्ताबाई, नामदेव. मुक्ताबाई गोरोबांना म्हणते, काका, तुम्ही कुंभार, मडकी पारखता, तर यातली पक्की कोणती आणि कच्ची कोणती ते सांगा. गोरोबा उठतात आणि थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकत जातात. सगळे मुकाट बसतात. नामदेवांच्या डोक्यावर पडतं आणि ते चिडतात. निकाल लागतो: हे मडकं कच्चं!

थोडक्यात, भर मीटिंगमध्ये अप्रेझल. आणि रेटिंग सगळ्यात खालचं. ज्याच्याशी साक्षात विठ्ठल बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य देव खातो, त्याला. नामदेव रागारागानं पंढरपूरला जाऊन विठ्ठलाकडं तक्रार करतात, म्हणजे थेट एमडीच्या केबिनमध्ये. आणि एमडी म्हणतो, बरोबर आहे त्यांचं. तुला अजून गुरू नाही. औंढ्याला जा, तिथं विसोबा खेचर भेटतील.

"मंग?" मी विचारलं. गोष्ट माहीत असूनही.

"मंग काय. उद्या औंढ्यालाच जायलोत की. झोप आता."

रविवारी सकाळी बारस सोडून निघालो. हिंगोलीला येऊन पुढं औंढा. रस्त्याला हळूहळू चढउतार लागतात, टेकड्या दिसायला लागतात, आणि त्या टेकड्यांच्या वेढ्यात औंढा नागनाथ. बारा ज्योतिर्लिंगांपैकी 'नागेश'. गुजरातेत द्वारकेजवळ आणि उत्तराखंडात जागेश्वरलाही हाच मान सांगितला जातो, पण ही माहिती मी गाडीत मोठ्यानं वाचायची चूक केली. आजीनं मागं वळून असं बघितलं की मी फोनच बंद केला.

औंढ्याजवळ भावानं एका बाजूला हात दाखवला. "तिकडं लायगो." अंतराळातल्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, काटकोनात. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा त्या लहरी पकडल्या. आपल्याकडच्या प्रकल्पाला २०१६ मध्ये केंद्राची तत्त्वतः आणि २०२३ मध्ये पक्की मंजुरी मिळाली, खर्च सुमारे २,६०० कोटी. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याचा अणूहूनही बारीक थरथराट ऐकायला जागा निवडली ती आमच्या औंढ्याजवळची. जमीन शांत लागते म्हणे. आजीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं हाय. ऐकणारं कुणीतरी पाहिजे."

मंदिराचं वर्णन मी काय करावं? यादवकाळातलं हेमाडपंती काम. खालच्या भागात इंच न् इंच कोरलेला. हत्तींच्या रांगा, देव, नर्तकी, योद्धे. आणि वर मात्र एकदम वेगळं, पांढरंशुभ्र, चुनेगच्ची शिखर. मूळ मंदिराचा वरचा भाग औरंगजेबाच्या काळात पाडला गेला, आणि नंतर अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला असं सांगतात. म्हणजे पाया एका शतकातला आणि माथा दुसऱ्या. आवारात सासू-सुनेची बारव आहे. नंदी देवासमोर नाही, मागच्या बाजूला आहे, त्याचीही गोष्ट नामदेवांचीच. त्यांना कीर्तन करायला समोरून उठवलं, ते मागं जाऊन गायला लागले, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं. नंदी तेवढा होता तिथंच राहिला. मला त्या नंदीबद्दल उगाच आपुलकी वाटली. सगळं ऑफिस शिफ्ट झालं आणि याला कुणी मेलच केला नाही!

पण इथली खरी गंमत आहे ती गाभाऱ्यात. पिंड जमिनीच्या पातळीवर नाहीच. सभामंडपातून खाली, जमिनीच्या पोटात उतरायचं. वाट अरुंद आणि उंच पायऱ्यांची. एका वेळी एकच माणूस, तोही वाकून. खालचे वर आले की वरचे खाली. मला एकदम माझ्या लॅपटॉपवरचा बोगदा आठवला. तोच नियम, तीच रांग, तोच अंधार. मेक्सिकोत डोंगराच्या आडवं शिरतात, इथं जमिनीत उभं उतरतात, एवढाच काय तो फरक.

आजी त्या पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहिली. खाली बघितलं. एक हात भिंतीला. मागून रांग सरकत होती. कुणीतरी म्हणालं, "चला मावशी, चला." तिनं एक पाय खाली टाकायचा प्रयत्न केला आणि मागं घेतला.

"तू जा," ती म्हणाली.

"मी धरते ना तुला."

"दोघी पडू. तू जा. मी हितं बसते."

सहा वर्षं, यार. सहा वर्षांपूर्वी ती ह्या पायऱ्या उतरली असती. पाच वर्षांपूर्वीही. मला 'पुढच्या महिन्यात नक्की' म्हटलेले सगळे फोन तिथल्या तिथं आठवले. शिफ्ट कुठल्या होत्या, बातमी काय होती, हे मात्र एकही आठवेना.

मी उतरले. खाली दमट, उकाड्याचं, बेल आणि दूध आणि माणसांच्या घामाच्या वासाचं. डोकं ताठ करता येत नाही इतकं ठेंगणं. अभिषेकाचं ताट हातात. गुरुजींनी नाव, गोत्र विचारलं. आजीचं नाव सांगितलं. मग काहीतरी मागायचं असतं, तर मला काही सुचेना. नोकरी दे म्हणावं तर ऑफर लेटर मोबाइलमध्ये होतं. नोकरी नको म्हणावं तर भाड्याची तारीख तोंडावर. याच गाभाऱ्यात म्हणे नामदेवांना विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले दिसले. नामदेव खवळले. विसोबा म्हणाले, मी म्हातारा आहे, माझ्यानं पाय हलत नाहीत, जिथं देव नसेल तिथं तूच ठेव. नामदेव जिकडं पाय फिरवतील तिकडं पिंड.

ही गोष्ट चमत्काराची म्हणून मी आजवर सोडून देत आले होते. त्या दिवशी मला त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं. मी म्हातारा आहे, माझ्यानं पाय हलत नाहीत. मी पिंडीला हात लावून एवढंच म्हटलं, "आजीनं पाठवलंय." आणि वर आले.

आजी खांबाला टेकून बसली होती. मी तिच्या हातावर तीर्थ घातलं. ती प्यायली, उरलेला ओला हात डोक्यावरून फिरवला, मग दोन्ही गुडघ्यांवरून.

"फिटला," म्हणाली.

"पण आजी, नवस नोकरीचा होता ना? आणि तू तर खाली गेलीच नाहीस."

"नोकरीचं तो बघंल, तू बघ. मी म्हणले होते पोरीला घेऊन येते. आणलं का नाही?"

आणलं होतं. खरं तर मी तिला आणलं असं मी दोन दिवस समजत होते.

पुण्याला परतताना रात्री ट्रॅव्हल्समध्ये मी विचार करत होते की पत्र्यावर चित्र काढायचं झालं तर काय काढावं? एक खांब, त्याला टेकून बसलेली म्हातारी, जमिनीतून अर्धी वर आलेली एक मुलगी, हातात तांब्या. खाली नाव, तारीख. ट्रक नाही, ऑपरेशन नाही. भिंतीवरच्या बाकीच्या पत्र्यांत फारच साधा दिसेल तो.

सोमवारी मी त्या कंपनीला मेल केला. आठवड्याचे तीन दिवस काम करते, चालेल का? त्यांना चालत नव्हतं. त्यांनी फार सभ्यपणे कळवलं. आजीला फोनवर सांगितलं, तर पलीकडून नेहमीसारखं थेट: "बरं झालं. मंग श्रावणात यायलीस का?"

म्हटलं, येते. आणि या वेळी तारीख सांगितली.

मडकं अजून कच्चंच आहे हो. पण भट्टीचा पत्ता कळलाय.

जायचंय?
* रेल्वेनं: हिंगोली स्टेशन पूर्णा–अकोला मार्गावर आहे. तिकीट काढताना 'हिंगोली डेक्कन' असं शोधा, नाहीतर उगाच गोंधळ.
* रस्त्यानं: परभणी, नांदेड आणि हिंगोली, तिन्हीकडून औंढा गाठता येतं. नर्सी नामदेव हिंगोलीहून सेनगावकडं जाणाऱ्या वाटेवर. एका दिवसात दोन्ही होतं.
* कधी: महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार म्हणजे महागर्दी. कोरीवकाम निवांत बघायचं असेल तर साध्या दिवशी जा.
* आणि सगळ्यात महत्त्वाचं: बरोबर आजी किंवा आजोबांना न्यायचं मनात असेल, तर 'पुढच्या महिन्यात' नको. पायऱ्या उंच आहेत.